खाडीचा मासा आणि गरोदर सून



गेल्या महिन्यात खाडीकाठच्या एका वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर महिला मंडळाची बैठक होती. विषय होता गरोदरपणातला आहार. मी नेहमीप्रमाणे पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, मोड आलेली मटकी, लोहाच्या गोळ्या असे सांगत गेले आणि बोलण्याच्या ओघात म्हणाले, "आणि हो, खाडीतले मासे खाऊ नका, विषारी असतात." एवढेच बोलले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

बैठक संपल्यावर मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक काका उठून जवळ आले. मूळचे महाडकडचे, उभी हयात गोदीत हमाली केलेले. कामातून सुटल्यापासून भरती-ओहोटी बघून पाग टाकतात आणि घरच्यापुरते मासे आणतात. त्यांची सून पाचव्या महिन्यात आहे, ती बैठकीला होतीच. काका रागावले नव्हते, पण आवाज जड झाला होता.

"ताई, आज तुम्ही मला घरच्यांसमोर गुन्हेगार केलंत. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा कालवण होतं ते माझ्या पागावर होतं. आता सूनबाई ते खाणार नाही. मग तिच्या ताटात काय वाढायचं ते नाही सांगितलंत. वीस वर्षं मी हेच खातोय, मला तर काही झालं नाही. आणि खरंच विष असेल, तर ते कोणी टाकलं? ते का नाही सांगितलंत?"

माझ्याजवळ नीट उत्तर नव्हते. इतकी वर्षे आरोग्याचे काम करते आहे, पण 'खाऊ नका' हे दोन शब्द बोलायला किती सोपे आणि ऐकणाऱ्याला किती महाग पडतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. काकांना म्हटले, पुढच्या लेखात सगळे सविस्तर लिहीन. हा तो लेख आहे. (काही वाचक विचारतील की बौद्धाने मासे खावेत का? पहिल्या शीलाचा तो प्रश्न मोठा आहे, त्यावर या पानांवर पूर्वीही वाद झाले आहेत. ज्या घरात मासा खाल्ला जातो, त्या घरासाठी आजचा लेख आहे असे समजावे.)

आधी एका दूरच्या गावाची गोष्ट सांगते, कारण मासा खाऊन माणसे कशी आजारी पडतात हे साऱ्या जगाला त्या गावामुळे कळले.

जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे चिस्सो नावाच्या कंपनीचा रासायनिक कारखाना होता. या कारखान्यात १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे रसायन बनू लागले. ते बनवताना पारा वापरत. त्यातून तयार होणारे मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचे सर्वात घातक रूप, सांडपाण्याबरोबर खाडीत सोडले जाई. खाडीत कोळ्यांची वस्ती. गरीब माणसे, भात थोडा आणि मासा भरपूर, असे त्यांचे जेवण.

पहिल्यांदा मांजरे वेडी झाली. मासळी खाणारी मांजरे गरगर फिरत, झटके येऊन पडत, काही समुद्रात पडून मरत. लोक म्हणत, मांजरांना नाचरा रोग झाला आहे. आकाशातून कावळे पडू लागले. मग माणसांची पाळी आली. १९५६ च्या एप्रिलमध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला कारखान्याच्याच दवाखान्यात आणले. तिला चालता येईना, बोलता येईना, घास गिळता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली. १ मे १९५६ रोजी त्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी सरकारी आरोग्य कचेरीला कळवले की मेंदूचा कसलातरी अज्ञात रोग पसरला आहे. आपण १ मे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून पाळतो. मिनामातामध्ये तो या रोगाच्या नोंदीचा दिवस आहे.

रोग सांसर्गिक असावा असे सुरुवातीला वाटले. रोग्यांच्या घरांवर जंतुनाशक फवारले. शेजारी त्यांच्या दारावरून जाईनात, दुकानदार त्यांच्या हातातून पैसे घेईनात, मुलामुलींची लग्ने मोडली. त्या देशात या माणसांची जात कोणी विचारली नव्हती, तरी त्यांचा विटाळ मानला गेला. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

१९५६ संपण्याआधीच कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितले की दोष खाडीतल्या मासळीत आहे. आता काकांच्या प्रश्नाशी संबंध असलेली गोष्ट सांगते. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी १९५७ मध्ये वरच्या सरकारला विचारले की अन्नाच्या कायद्याखाली या खाडीतल्या माशांवर बंदी घालावी काय? उत्तर आले की खाडीतला प्रत्येक मासा विषारी आहे असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून बंदी घालता येत नाही. लोकांना फक्त एवढेच सांगितले गेले की शक्यतो खाऊ नका, पकडू नका. नुकसानभरपाई नाही, दुसरे काम नाही, दुसरे अन्न नाही. बाजारात त्यांची मासळी कोणी घेईना. न खपलेला मासा कोळी घरी नेऊन स्वतःच खात राहिले, नाहीतर पोट कशाने भरणार? सरकारचा सल्ला बरोबर होता आणि तरीही माणसे मरत राहिली.

कारखान्यानेही काय केले ते ऐका. डॉ. होसोकावांनी १९५९ मध्ये कारखान्यातले सांडपाणी मांजराच्या अन्नात कालवून पाहिले. चारशे क्रमांकाच्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवल्याचा समारंभ झाला आणि कंपनीच्या अध्यक्षाने सर्वांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवले. ते यंत्र पारा काढण्यासाठी नव्हतेच. त्याच महिन्यात रोग्यांच्या घरच्यांशी करार झाला. मृतामागे तीन लाख येन 'सहानुभूती' म्हणून द्यायचे आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी जास्त काही मागायचे नाही. गरजेपोटी लोकांनी अंगठे उठवले. पाऱ्याचे ते उत्पादन १९६८ साली बंद झाले आणि सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले तेही १९६८ च्या सप्टेंबरात. मधल्या बारा वर्षांत किती कालवणे शिजली असतील, कोण मोजणार?

सुनेला जे सांगायला हवे होते आणि मी सांगितले नाही ते हे. त्याच वर्षांत मिनामातामध्ये काही मुले जन्मतःच लुळी जन्मली. मान धरत नव्हती, बोलत नव्हती. या मुलांनी कधी मासा खाल्लेला नव्हता. त्यांच्या आयांनी खाल्ला होता, पण आया बहुतेक धडधाकट दिसत होत्या. तोवर डॉक्टरांचा समज असा होता की वार बाळाचे विषापासून रक्षण करते. पारा मात्र वारेतून बाळाकडे जातो, इतकेच नव्हे तर आईच्या रक्तापेक्षा बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण जास्त होते. १९६२ मध्ये सोळा मुलांचा रोग जन्मापासूनचा मिनामाता रोग म्हणून मान्य झाला. डॉ. हारादा मासाझुमी यांनी पुढे याचा मोठा अभ्यास केला. जपानी घरांतून बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवायची पद्धत आहे. त्या डब्या उघडून नाळेचे तुकडे तपासले, तेव्हा कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाला किती पारा मिळाला याची साक्ष त्यांतून मिळाली. तिथली एक आई आपल्या लुळ्या मुलीला घरचा ठेवा म्हणे, कारण सगळे विष तिने स्वतःकडे ओढून घेतले आणि आईला व मागच्या भावंडांना वाचवले, अशी तिची समजूत होती.

म्हणून, काका, "वीस वर्षं खातोय, मला काही झालं नाही" हे तुमचे म्हणणे खोटे नाही, पण ते सुनेच्या पोटातल्या बाळाला लागू होत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू बांधून झालेली भिंत आहे. बाळाचा मेंदू अजून विटा रचायच्या कामात आहे. त्या वेळी थोडासाही पारा काम बिघडवतो. मिनामाताइतके विष नसले तर मूल लुळे होत नाही. ते चालते, बोलते, पण शिकण्यात, लक्ष देण्यात, हातांच्या बारीक कामात थोडे मागे पडू शकते. शाळेतले गुरुजी म्हणतील, पोरगा मंद आहे. आपल्या मुलांना असे म्हणायला लोक तसेही टपलेले असतात.

मिनामाताच्या रोग्यांनी कोर्टात दावा लावला. कुमामोतोच्या कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि कंपनीला दोषी ठरवले, तो दिवस होता २० मार्च १९७३. तारीख वाचून मी थांबलेच. २० मार्चला, १९२७ साली, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पाण्यावर माणसाचा हक्क आहे की नाही, हाच दोन्हीकडचा प्रश्न, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात राहिली. जपान सरकार आणि प्रांताचे सरकार यांनीही वेळेत अडवले नाही म्हणून ते दोषी आहेत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २००४ साल उजाडले. अधिकृतपणे मान्य झालेले रोगी २,२०० हून अधिक. न मान्य झालेले किती तरी पटींनी.

आता लोकांना सांगावे कसे याचे दुसरे उदाहरण, थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सेंट लॉरेन्स नदीकाठी अक्वेसास्ने नावाची मोहॉक आदिवासींची वस्ती आहे. शेजारच्या मोटार कंपनीच्या ओतकाम कारखान्यातून पीसीबी नावाचे तेलकट विष नदीत आणि मातीत गेले होते. कात्सी कुक नावाच्या मोहॉक सुईणीकडे बायका विचारायला येत, "बाळाला अंगावर पाजू की नको?" तिने १९८० च्या दशकात आयांच्या दुधाच्या तपासणीचे काम उभे केले आणि त्यात त्या बायकांनाच भागीदार करून घेतले. नमुने कोणाचे, निकाल कोणाला आधी कळणार, हे वस्तीने ठरवले. उत्तर मिळाले ते असे. दूध थांबवू नका, बाळंतपणाच्या काळात नदीचा मासा थांबवा. बायकांनी ऐकले. काही वर्षांत गरोदरपणात नदीचा मासा खाणे घटले आणि दुधातले पीसीबीही उतरले.

पण तिथेही एक गोष्ट निसटली. मासा थांबला तशी जाळी विणणे थांबले, आजोबाने नातवाला नदीवर नेणे थांबले, त्याबरोबरचे भाषेतले शब्द गेले. ताटात माशाच्या जागी दुकानातले पीठ, साखर आणि तेल आले. मधुमेहाची चिंता वाढली. मोहॉक लोक स्वतःच आता म्हणतात की धोका मोजताना मासा सोडल्याने होणारे नुकसानही त्यात धरा. त्यांना तर पाग आणि नातू दोन्ही कळले. मला विहारात एकही कळला नव्हता.

आता आपल्या खाडीकडे येऊ.

ठाण्याच्या खाडीच्या काठी १९६० च्या दशकापासून कारखान्यांचा पट्टा आहे. त्याशिवाय साऱ्या महानगराचे मलपाणी आणि नाले तिथेच येतात. कल्याणजवळ आंबिवलीच्या काळू नदीत पारा असल्याचे मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले होते. महाडची सावित्री पाहा. औद्योगिक वसाहत आल्यापासून तिच्यात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या किती वेळा वाचल्या. काकांनी लहानपणी ज्या नदीत पाग टाकायला शिकले तीच ही नदी. विष म्हणजे एकटा पाराही नव्हे. शिसे, कॅडमियम, किटकनाशके, पीसीबी आणि नाल्याचे रोगजंतू असे सगळे एकत्र असते. जगभर पाऱ्याला आळा घालायचा करार २०१३ साली झाला. त्याला मिनामाताचेच नाव दिले, आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. खाडीच्या काठावर मात्र 'येथील मासा किती खावा' असे सांगणारी एक पाटीसुद्धा मी अजून पाहिलेली नाही.

मासा वाईट नाही, हे आधी ठासून सांगते. स्वस्तात इतके चांगले प्रथिन, आयोडीन आणि बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धे दुसऱ्या कशातून क्वचितच मिळतात. गरोदर बाईने मासा पूर्ण सोडला तर तेही नुकसानच आहे. प्रश्न आहे तो कोणता मासा, कुठला आणि कोणी खायचा हा.

पाऱ्याचा एक स्वभाव लक्षात ठेवला की निम्मे कळते. पाण्यात गेलेला पारा चिखलातल्या जंतूंमुळे त्या घातक रूपात बदलतो, मग बारीक किड्यात, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात जातो. मोठा मासा आयुष्यभर छोटे मासे खातो, म्हणून सगळ्यांचे विष त्याच्या अंगात साठते. तेव्हा मुशी, मोठा कुपा, तलवार मासा, खूप मोठी सुरमई हे मासे गरोदर बाईने, बाळाला पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलांनी टाळावेत, मग ते भर समुद्रातले का असेनात. लग्नसमारंभात मोठ्या सुरमईचा तुकडा मान म्हणून गरोदर बाईला वाढतात, तो सासऱ्याला वाढावा! मांदेली, तारली, बांगडा, ओला बोंबील हे लहान आणि कमी आयुष्याचे समुद्री मासे उलट चांगले. आणि नेमके तेच स्वस्त आहेत. गरिबाचा मासा शहाण्याचा मासा निघाला, असे क्वचितच घडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा गरोदर बायांना सल्ला आहे की असे कमी पाऱ्याचे मासे आठवड्यात दोन-तीन वेळा, सगळे मिळून सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम खावेत. एका वेळचा तुकडा म्हणजे आपल्या तळहाताएवढा.

खाडीचा मासा वेगळा. तो लहान असला तरी चिखलातच राहतो आणि चिखलातच खातो. निवटी, चिंबोऱ्या, शिवल्या, कालवं ही सगळी नाल्याच्या तोंडाशी मिळतात आणि तिथलेच सगळे पोटात घेतात. शिवल्या आणि कालवं तर पाणी गाळूनच जगतात. म्हणून कारखान्यांच्या किंवा नाल्याच्या खाडीतले काहीही गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, सहा वर्षांखालची मुले आणि लवकरच मूल हवे असलेली नवी सून यांनी खाऊ नये. नव्या सुनेचे एवढ्यासाठी की शरीरातला पारा निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. दिवस राहिल्यावर थांबण्यापेक्षा आधी थांबलेले बरे. आणि ज्यांनी आतापर्यंत खाल्ले त्यांनी हातपाय गाळू नयेत. आज थांबले तर उद्यापासून तो उतरूच लागतो.

घरातल्या बाकी मोठ्या माणसांचे काय? ज्या पाण्यातला मासा कोणी तपासलेला नाही, त्याबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा साधा नियम आहे. तो मासा आठवड्यातून फार तर एकदा, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नाही. काकांसाठी मी हाच नियम धरते.

बायका विचारतात, "चांगला उकळला, कोकम-चिंच घातली, हळद लावली, तर विष जात नाही का?" जंतू मरतात, पारा जात नाही. तो माशाच्या मांसातच बसलेला असतो. तळा, भाजा, मिठात मुरवा, वाळवा, तो तिथेच राहतो. पीसीबी आणि किटकनाशके मात्र चरबीत असतात. म्हणून कातडी, पोटाची चरबी, डोके आणि आतडी काढून टाकली, आणि तळण्याऐवजी भाजून गळालेली चरबी टाकून दिली, तर ती कमी होतात. चिंबोरीच्या आतला पिवळा-तपकिरी गर मुलांना आवडतो. खाडीच्या चिंबोरीतला तो गर टाकूनच द्यावा, कॅडमियम तिथेच साठते.

अंगावरचे दूध बंद करायचे नाही. हे मी दोनदा लिहीन, कारण अर्धवट ऐकून कोणीतरी बाटली सुरू करते आणि मग जुलाबाने लेकरू हातचे जाते. अंगावरचे दूध बंद करायचे नाही.

मेलेल्या माशाबद्दल वेगळे लिहायला हवे. कधी पहाटे खाडीत किंवा नदीत मासा तरंगताना दिसतो. फुकट मिळतो म्हणून माणसे पिशव्या भरून आणतात, काही जण विकतातही. असा मासा घरात येऊ देऊ नये. पाण्यात काहीतरी बिघडल्याशिवाय एका रात्रीत इतके मासे मरत नाहीत. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, ते आपल्या आजी-आजोबांनी उपास काढून पाळले. तिथे प्रश्न स्वाभिमानाचा होता. इथे जिवाचाही आहे. कुणाच्या कारखान्याने रात्री मारलेले आपण सकाळी उचलून पोरांना का खाऊ घालावे? मेलेला मासा दिसला तर हात न लावता जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आणि एक विनंती. हे वाचून कोणी बाजारातल्या कोळीणमावशीकडे संशयाने बघू नये. तिची मासळी बहुतेक बाहेरच्या समुद्रातली असते. खाडी मेली तेव्हा पहिला रोजगार तिच्याच घराचा बुडाला. मासा कुठला हे तिला सरळ विचारावे, ती सांगते.

लेख लिहायच्या आधी मी काकांच्या घरी जाऊन आले. रिकाम्या हाताने नको म्हणून डझनभर अंडी घेऊन गेले, तर काकूंनी चहाबरोबर त्यातलीच दोन उकडून माझ्यापुढे ठेवली. वर जे लिहिले ते सगळे सुनेसमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर सांगितले. निर्णय तुमचा, मी फक्त मला माहीत आहे ते पुढे ठेवते, असेही म्हटले. तथागतांनी कालामांना स्वतः पारखून घ्यायला सांगितले होते, तर मी कोण हुकूम सोडणारी? बराच वेळ हिशोब चालला. बाजार उठायच्या वेळी मांदेलीचा वाटा उतरत्या भावात मिळतो. तो आठवड्यातून दोनदा आणायचा, सुनेसाठी आणि धाकट्या नातीसाठी वेगळ्या तोपात शिजवायचा. एरवी अंडी, मसूर, चवळी. अंगणवाडीतून मिळणारा आहार तिचा तिनेच खायचा, घरभर वाटायचा नाही. हे शेवटचे सून स्वतः बोलली, बाकी सगळे खाली बघू लागले. सुकी मासळी सुनेला पथ्याने, कारण तिचा रक्तदाब गेल्या तपासणीला थोडा वाढलेला होता.

काका खुंटीवरच्या पागाकडे बघत होते. म्हणाले, "मग हा विकून टाकू?"

मी म्हटले, "काका, पाग विकू नका. तुमच्याइतकं खाडीचं पाणी कोणाला कळतं? कोणत्या नाल्यातून कधी रंगीत पाणी येतं, कोणत्या रात्री वास सुटतो, कोणती जात दिसेनाशी झाली, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ते लिहून काढू."

ते त्यांनी लगेच सुरू केले. नातवाच्या जुन्या वहीत तारखा, भरतीची वेळ, पाण्याचा रंग. शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मोठे आणि वाकडे, पण एकही दिवस चुकलेला नाही. त्या नोंदींवरून प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा अर्ज मंडळाच्या बायकांनी तयार केला आहे. खाडीतले पाणी, चिखल आणि मासा तपासावा, आणि कोणता मासा किती खावा याची मराठीतली पाटी काठावर लावावी, अशा त्यातल्या मागण्या आहेत. याआधी तपासणी झाली असेल तर तिचे अहवाल मिळावेत म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा केला आहे. पहिली सही काकांची आहे. सहीखाली त्यांनी स्वतःहून लिहिले, 'मी येथे मासे पकडतो.'

ज्या वस्त्या खाडी, नदी किंवा कारखान्याच्या तलावाजवळ आहेत, त्यांना असा अर्ज करता येईल. नमुना विहाराच्या फळ्यावर लावलेला आहे. हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा, आणि ज्यांना येणे जमत नाही त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे, प्रत पाठवू.